पुस्तकात नसलेलं वाक्य

आबा, तुमच्या नाटकाचा सिनेमा झाला. तुमच्या कसलं, त्या थोर नाटककाराच्या. पण दर जत्रेला ते तुम्हीच बसवायचात, म्हणून आपल्या वाडीला ते कायम तुमचंच नाटक. मुलगी बघायला निघालेला नवरदेव भलत्याच घरात शिरतो आणि तिथल्या मुलीच्या प्रेमात पडतो, तेच. आता तो मोबाइलवर पत्ता बघत भलत्या टॉवरमध्ये शिरतो, एवढाच काय तो फरक. संवाद मी लिहिलेत. हो, तुमच्या लेकीने.

मी आठवीत असेन. देवीच्या जत्रेत नाटक, आणि विंगेत पुस्तक धरून मी. तुम्ही पहिली पाळी करून महाडच्या कारखान्यातून थेट आलेले, बोटं रंगाच्या पावडरीने पिवळी. नायक विचारतो, "माझ्यात कमी काय आहे?" पुस्तकात नायिका लाजून आत जाते. आपले शेजारचे काका नायिका झालेले, ते पदर सावरून म्हणतात, "कमी कायच नाय हो, जरा जास्तच हाय. थोडं घरी ठेवून येत जा." मी मूर्खासारखी विंगेतून ओरडले, "हे पुस्तकात नाय!" लोक हसून आडवे. नाटक संपल्यावर तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. "पुस्तकात नाय म्हणून तर मी घातलं! येवढं तरी माझं राहू दे की गो." अशी बारा-पंधरा वाक्यं तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिली होती, शेजारी पिवळी बोटं उमटलेली.

वाडीवर दरड आली तेव्हा मी बिरवाडीत खोली घेऊन राहत होते, नोकरीला. तुम्ही तिसऱ्या दिवशी मातीखाली सापडलात. पुस्तक सापडलं नाही. खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. पण वाक्यं पाठ होती. सिनेमा लिहिताना ती आपसूक आली. दिग्दर्शकाने मूळ पुस्तकाशी ताडून विचारलं, "ही कुठली? भारी आहेत." मी म्हणाले, "माझी." एका दमात! कारखान्यातला मजूर बाप समासात लिहायचा, हे सांगायची लाज वाटली. कौतुकही हवं होतं. आता स्वतःचा इतका राग येतो की घास उतरत नाही. हे पत्र तरी कुठे टाकू? वाडीच्या जागी नुसती लाल माती आहे.

दरड आली तेव्हा शेजारचे काका परगावी होते, म्हणून वाचले. गेल्या आठवड्यात त्यांना महाडला सिनेमाला नेलं. ऐंशीच्या घरात आहेत. तुमचं प्रत्येक वाक्य पडद्याच्या आधी काकांच्या तोंडून. पुढचा माणूस वैतागून वळला, "आजोबा, आधी बघून आलात का?"

"बघून नाय, करून आलो!"

मला हसू आलं. शेवटी पडद्यावर नावं सुरू झाली, सगळी इंग्रजीत. काकांना ती वाचता येत नाहीत. त्यांनी माझा दंड धरला. "आबाचं नाव आलं का गो?"

तेव्हा नेमकं माझं नाव होतं. एकटं, मोठं. मी तिकडे बोट केलं. "हे काय, आलं."

काका खुर्चीचा आधार घेऊन उठले. त्या नावाला त्यांनी हात जोडले, जोडल्या हातांवर कपाळ टेकवलं, डोळे पुसले. मी शेजारी उभी होते, आबा, आणि माझं बोट अजून तिकडेच होतं.