वळणावरच्या रेघा

प्रिय शहाणे,

तुझा बाबा फोनवर म्हणाला, पोरगी जेवते, झोपते, नव्या शाळेतही जाते, फक्त बोलत नाही. म्हटलं, मग आपणच लिहावं. पत्र लिहिणाऱ्याला मधेच कुणी तोडत नाही, हा माझा फायदा. आणि आवडलं नाही तर फाडून टाकता येतं, हा तुझा.

इकडे माझा गुडघा कुरकुरतो आणि मी त्याला दाद देत नाही. शाळेच्या मैदानाचं काम सुटलं म्हणतात, पण कुठलं! नवा माणूस भला आहे, सरळ रेघा झकास मारतो. वळणावरच्या रेघा आल्या की चुन्याची गाडी माझ्या दारात आणून उभी करतो. तुला ठाऊकच आहे, मी शाळेत पाऊल टाकलं तेच रेघा मारायला, आणि आकडे शिकलो तेही धावपट्ट्यांवर घालायचे म्हणून.

त्या रविवारी जेवताना तुला या रेघांचाच दाखला द्यायला गेलो आणि तोंडावर आपटलो. निकाल ताजा होता. मोठ्या सरकारी शाळेच्या अर्ध्या जागा परीक्षेच्या गुणांवर आणि अर्ध्या प्रत्येक वस्तीच्या शाळेत पहिल्या आलेल्या मुलांना, असा यंदाचा नवा नियम. तू थोडक्यात हुकलीस, आणि तुझ्याहून कमी गुण असलेली आत्याची भिंगरी तिच्या शाळेतून आत गेली. मी म्हणालो, शर्यतीत बाहेरच्या पट्टीवरचा पुढे उभा दिसतो, पण त्याचं वळण लांब असतं गं. तू पेला खाली ठेवलास. "आजोबा, तुम्ही वळण टेपने मोजता. भिंगरीचं कुणी मोजलं?" आत्या ताटात बघत राहिली. मग हळूच म्हणालीस, "माझे गुण जास्त आहेत, एवढं तरी म्हणा कुणीतरी." मी तुझ्या ताटात भात वाढला.

आता म्हणतो. तुझे गुण जास्त आहेत. ते तुझ्या कष्टाचे आहेत आणि कुठलाही नियम ते कमी करू शकत नाही. भिंगरीचं वळण मोजणारी टेप मात्र मी पाहिलेली नाही. पाहिलं ते इतकंच, की आत्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामावर असायची तेव्हा भिंगरी एका हाताने धाकट्या भावाला भरवायची आणि दुसऱ्याने गणित सोडवायची. तिच्या शाळेत वर्षभर गणिताला बाईच नव्हत्या. अडलं की तुला फोन. तू खेकसायचीस, "डोकं घरी ठेवून आलीस का?" ती म्हणायची, "घरीच आहे मी, ताई!" मग दोघी खिदळायच्या आणि गणित राहायचं बाजूला. म्हणजे तिच्या गणिताच्या बाई तूच. फुशारून जाऊ नकोस, पण विसरूही नकोस.

नियम बरोबर की चूक, त्यावर मोठी माणसं भांडताहेत, भांडोत. मला खटकतं ते वेगळंच. चांगली शाळा म्हणजे काय गल्लीतला एकुलता एक नळ आहे, की पोरींनी हंडे घेऊन एकमेकींना ढकलावं? तुझ्या नव्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मुलांना पंखा उघडून बघू देतात, असं बाबा म्हणाला. ऐकून बरं वाटलं. पंखा परत जोडला गेला का, ते कळव.

काल भिंगरी मैदानावर आली होती. ओल्या रेघेवर पाय न देता, अगदी कडेकडेने चालत राहिली. तिने अजून शाळेला होकार कळवलेला नाही, आणि शुक्रवारनंतर जागा जाईल. आत्या ओरडून दमली. ही म्हणते, "ताई म्हणाली जा, तर जाईन. पण ताई फोनच उचलत नाही." तिने सोडली तरी ती जागा तुझ्याकडे येत नाही, तिच्याच शाळेतल्या पुढच्या मुलाला जाते. तुझ्यासाठी मी मुद्दाम विचारून आलो. हे पत्र लिहितोय ते तिला ठाऊक नाही. आणि तिला 'जा' म्हण, असंही मी तुला सांगणार नाही. फक्त फोन उचल. राग आला असेल तर रागानेच बोल. तुझं खेकसणं ऐकतच ती गणित शिकली आहे.

तुझाच,
चुन्याने माखलेला आजोबा