खुंटीवरचे बूट

सोमवार, २ मार्च
आले एकदाची! बोटीतून उतरताना पाय भिजले तरी हसूच येत होतं. दोन्हीकडे उभे डोंगर, मधे लांबच लांब तळं, काठाला लाकडी झोपडी. डोंगरात पायी भटकायला आलेले लोक इथेच मुक्काम करतात. शाळा सोडल्यापासून घरी सगळे टोचायचे, इथे कुणी नाही. झोपडीची राखणदार नायरी मावशी म्हणाली, काम सोपं आहे. झाडपूस कर, चूल पेटव आणि अंधाराआधी प्रत्येकाला तोंडाने विचार, आलात का. मग ती वायरलेसवर खालच्या ऑफिसला कळवते; कुणी कमी असलं तर शोधायला माणसं निघतात.

बूट बाहेर उंच खुंटीला टांगायचे. खाली ठेवले तर किआ पोपट कुरतडतात.

बुधवार, ४ मार्च
अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून आत पळते. मग युक्ती सुचली. खुंट्या बघायच्या. बूट आले म्हणजे माणूस आला.

डगल म्हणून एक म्हातारे एकटेच आलेत. म्हणाले, नायरीने मुकी पोर ठेवलीय वाटतं, किआ बरे, बोलतात तरी. सगळे हसले. नंतर गुपचूप मला केक दिला.

शुक्रवार, ६ मार्च
काल खुंट्या भरलेल्या होत्या. मी सांगितलं, सगळे आले. मावशीने तसंच कळवलं.

डगल बूट टांगून रबरी चपलांवर तळ्याकाठी गेले होते. सकाळी एक चप्पल सापडली, बाकी काही नाही. शोधायला आलेले म्हणाले, उतारावर घसरल्याच्या आणि खडकापर्यंत सरपटल्याच्या खुणा आहेत; पाय मोडून तिथेच टेकून बराच वेळ बसले असणार. मग पावसाने पाणी चढलं. कालच कळलं असतं तर.

मावशीने विचारलं, "तू तोंडाने विचारलं होतंस ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

सोमवार, ९ मार्च
त्यांची मुलगी आली. बूट घेऊन गेली. म्हणाली, बाबा शेवटचे तुझ्याशीच बोलले ना, काय म्हणाले? मी सांगितलं, केक खा म्हणाले. तिने मला जवळ घेतलं.

बुधवार, ११ मार्च
बूट परत खुंटीला. तेच. ओले. पाणी गळतंय.

मावशी सामान आणायला खाली गेलीय. पाहुणे नाहीत.

गुरुवार
वारा. बोट येत नाही. माझे बूट खुंटीवर दिसत नाहीत. किआंनी नेले असतील — किआच —

काठावर चपलेचा आवाज. एकाच पायाचा.

शुक्रवार
वायरलेसवर मावशी विचारते, आत आहेस ना? मी हो म्हटलं. दार लावलंय. आवाज पायरीवर थांबला. आता तरी विचारायला हवं —

विचारलं. "डगलकाका, आलात का?"

उत्तर दाराबाहेरून नाही आलं. माझ्या मागून —

म्हणाले, माझे बूट खुंटीला आहेत, म्हणजे मी आलो. तुझी खुंटी रिकामी आहे, पोरी. म्हणजे तू —