गाव साक्षर होण्याचा दिवस

माडवली, ता. मालवण
५ नोव्हेंबर १९६१

चि. भाईस अक्काचे अनेक आशीर्वाद.

घरी सारे खुशाल, फक्त माझं डोकं तापलं आहे. रत्नागिरीहून साहेब येऊन गाव ‘पूर्ण साक्षर’ जाहीर करणार. म्हणून ज्या म्हाताऱ्यांना अजून वाचता येत नाही, त्यांना त्या दिवशी ट्रकात घालून पिंगुळीला बाहुल्यांचा खेळ बघायला धाडायचं, असं सरपंच सांगून गेले. युक्ती मुंबईच्या भाईंचीच, असंही वर म्हणाले. लाज वाटली रे.

रापणीचं जाळं ओढणाऱ्यांनी मांडव घातला, तुझ्या मुंबईच्या मंडळाने कंदील धाडले, सुना सासवांशेजारी पाटी घेऊन बसल्या, तेव्हा हा साक्षरतेचा वर्ग उभा राहिला. त्यातून तुळसाकाकीला उठवायचं? आई अंथरुणाला खिळली तेव्हा जिने तुला कडेवर घेऊन पेज भरवली, तिला? बिचारी खुशीत आहे. बाहुल्यो बघून किती वर्सां झाली गो, म्हणून मलाच सांगत होती.

रागावलेली, तरी तुझीच,
अक्का

गिरगाव, मुंबई
९ नोव्हेंबर १९६१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र हाताला चटके देत होतं. अगो, एका दिवसाचा तर प्रश्न! गावाचा मान झाला की वाचनालय मंजूर होईल. काकीला या वयात अक्षरं शिकून करायचंय काय? बेळगावच्या कॉन्व्हेंटात तुला खोटं बोलायला शिकवलं नाही, त्याची शिक्षा आम्हाला का? काकीच्या सुनेकडून, सत्यवतीकडून, स्वागताचं भाषण तेवढं नीट बसवून घे.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा भाई

माडवली
२० नोव्हेंबर १९६१

चि. भाईस आशीर्वाद, या खेपेला मोजकेच.

सकाळी ट्रक लागला. म्हाताऱ्योच कित्याक गो, असं काकीने मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग ती पदर खोचून म्हणाली, की भायाक माझी लाज वाटता, तर जातंय मी. आणि चढली.

सत्यवतीने स्वागताचा कागद सरपंचांच्या हातात ठेवला आणि पाटी घेऊन सासूशेजारी जाऊन बसली. मागून बाकीच्या सुना, लेकी, सारा वर्ग चढला. शेवटी मीही. साहेब आले तेव्हा सरपंचांनी रिकाम्या मांडवात ते स्वागत स्वतःच वाचलं म्हणे.

आता सरपंचांनी मांडव मोडला आहे, कंदील कुलपात टाकले आहेत. वर्ग काकीच्या अंगणात, खळ्यात भरतो. मंडळाला सांग, दुसरे कंदील पाठवा.

काकीबद्दल तू जे विचारलंस, ते मी तिला वाचून दाखवलेलं नाही. तुझं पत्र जपून ठेवलं आहे. ती वाचू लागली, की तिच्याच हातात देईन.

लोभ आहे, पण त्याची परीक्षा पुन्हा घेऊ नकोस.
अक्का