किरुंडा मेला की जगला

सोमवार, ३ फेब्रुवारी
वाचलेली पानं : ५२

रेडिएटर चालला! कंपालाला. महिनाअखेर. तिथल्या एका स्टुडिओनं बोलावलंय. बंद खोलीत बसायचं, पिक्चरवर आपला आवाज चढवायचा. समोर माणसं नाहीत, घाम नाही, शिव्या नाहीत. 'आता मी कलाकार,' म्हणाला. म्हणजे आजवर कोण होता?

अकरा वर्षं मामाच्या पत्र्याच्या हॉलात, पडद्याशेजारच्या तुटक्या खुर्चीवर बसून त्यानं गोऱ्यांच्या तोंडून लुसोगा वदवली. पिक्चरचा आवाज बारीक, माइक मोठा. कोण कुणाला काय म्हणतंय, कोण खोटं बोलतंय, कुणाची बायको कुणाबरोबर पळाली, सगळं आपल्या भाषेत. त्याच्या पिक्चरमधला परदेशी पोलीस बुगेंबेचा निघतो, नि खलनायकाची सासू नेहमी टोरोरोची. व्हीजे रेडिएटर! आधी गॅरेजात होता म्हणून हे नाव.

आणि मी तिकिटाच्या खिडकीत. बी.ए., साहित्य. एका हातात तिकिटं, दुसऱ्यात पुस्तक.

आज मामाला सरळ विचारलं. 'माइक मला दे.'

हसला असता तर बरं होतं. हसला नाही. 'पोरी, माइकला आवाज लागतो. तुझा आवाज या खिडकीएवढा.'

मार्चपासून म्बालेला, आत्याच्या हार्डवेअरच्या दुकानात. आईनं ठरवूनच टाकलंय. म्हणजे माझ्याकडे पंचवीस दिवस आहेत. माइक, नाहीतर खिळे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
वाचलेली पानं : ९

फुटबॉलवर पैसे लावायचं दुकान काढणारा एक माणूस आला नि हॉलची मापं घेऊन गेला. चांगला व्हीजे मिळाला नाही तर मामा हॉल त्याला देणार. नऊ पानांत नऊदा तीच ओळ वाचली.

शनिवार, ८ फेब्रुवारी
वाचलेली पानं : ३०

दोन उमेदवार येऊन गेले. पहिला सगळ्यांना 'बॉस' म्हणतो. नायक बॉस, नायिका बॉस, घोडासुद्धा बॉस. दारात शेंगा विकणारी कागोया मावशी म्हणाली, 'याच्या पिक्चरमधे नोकरी कोण करतं मग?' दुसऱ्याचं नाव व्हीजे टॉर्पेडो. ओरडतो छान. काय ओरडतो ते कळत नाही. मामाला आवडला.

पण ते जाऊ दे. पुढच्या शनिवारी कुठला पिक्चर लागतोय? 'सातव्या चंद्राची विहीर'! माझ्या पुस्तकावरचा पिक्चर!! फळ्यावर मामानं खडूनं नाव लिहिलं तेव्हा माझ्या हातून सुट्टे सांडले. ते पुस्तक चारदा वाचलंय, पाचव्यांदा चाललंय. एकच प्रत, बाजारात फुटपाथवर मिळालेली. वाचणारे जास्त, म्हणून गेल्या वर्षी ब्लेडनं तिचे तीन तुकडे केले. दुसरा तुकडा सध्या बोडावाल्या तेन्वाकडे आहे. तो भाड्याच्या मोटरसायकलच्या सीटवर आडवा पडून वाचतो, गिऱ्हाईक आलं की पान दुमडतो. (दुमडू नकोस, शंभरदा सांगितलं!)

'शेवट सांगितलास,' तेन्वा म्हणाला, 'तर जन्मभर चालत फिरशील.'

गुरुवार, १३ फेब्रुवारी
वाचलेली पानं : ०

मातोकेसाठी कच्ची केळी सोलताना सराव. एका हातात सुरी, दुसऱ्या हातातलं केळं म्हणजे माइक. पुस्तकातल्या कप्तानाचा आवाज, मग वाटाड्या मुलीचा, मग अवकाशयानाचा.

आई : 'कुणाशी भांडतेयस?'
'यानाशी.'
'त्याला म्हणावं चार केळी सोल.'

शनिवार, १५ फेब्रुवारी
वाचलेली पानं : मोजत नाही

नीट लिहायचंय. क्रमानं.

हॉल भरलेला. उभे राहायलाही जागा नाही, पत्रा तापलेला, खिडक्यांना काळं फासलेलं. पहिल्या मिनिटाला माझं डोकं फिरलं. यान लाल! पुस्तकात राखाडी आहे! पान सात! पण रेडिएटर रंगात होता. कप्तानाचं नाव त्यानं किरुंडा ठेवलं, वाटाड्या मुलीचं नाबिर्ये. 'किरुंडा बुगेंबेचा,' म्हणाला, 'चंद्रावर पळून आलाय, कारण खाली तीन बायका शोधतायत.' लोक बाकांवरून पडायचे बाकी होते.

मग किरुंडा विहिरीच्या काठाशी आला, खाली वाकून बघू लागला — नि वीज गेली.

मामाचा जनरेटर डिसेंबरात एका लग्नाला भाड्यानं गेला, तो अजून लग्नातच आहे. बाकं बडवायला सुरुवात. 'पैसे परत!' कुणीतरी ओरडलं, 'रेडिएटर, तोंडानं सांग ना पुढचं!'

'मला काय ठाऊक!' रेडिएटर म्हणाला. 'मीसुद्धा तुमच्याबरोबरच बघत होतो!'

अकरा वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. आदल्या दिवशी दोनदा पिक्चर बघायचा, मगच माइकला हात लावायचा. पण त्याचं मन कधीच कंपालाला पोचलंय. मामा गल्ल्याची पेटी उघडायला वाकला.

मी बाकावर चढले. कशी चढले ठाऊक नाही.

'मला ठाऊक आहे.'
'कोण बोलतंय?'
'तिकीटवाली!'
'मोठ्यानं बोल! खिडकी उघड, खिडकी!'

हसले सगळे. मीही हसले, नि त्या हसण्यात आवाज सुटला. कुणीतरी मोबाइलची बत्ती माझ्या तोंडावर मारली, मग आणखी चार-पाच जणांनी.

सांगितलं. विहिरीच्या तळाशी एक चाक आहे, ते हातानं फिरवून धरलं तरच सगळ्या चंद्राला पाणी मिळतं. सोडलं की पाणी बंद. किरुंडा दोर बांधून खाली उतरतो. वर नाबिर्ये दोर धरून बसते. तो खालून विनोद सांगतो — मीच घातले दोन, टोरोरोच्या सासूचे. मग विनोद थांबतात. पाण्याचा आवाज येतो. नाबिर्ये दोर ओढते, नि दोर हलका लागतो. किरुंडानं गाठ सोडलेली असते. ती रिकामा दोर गुंडाळते, नीट, त्यानं शिकवलं तसा. नि यान एकटी घरी नेते.

संपलं. कागोया मावशीच्या हातात अर्धी सोललेली शेंग, तशीच. मागून तेन्वाचा रडका आवाज : 'मी दुसऱ्या तुकड्यात होतो गं!'

पैसे कुणीच मागितले नाहीत. मामा पेटीवर हात ठेवून उभा.

इथे थांबलं असतं तर!

वीज आली. पंखा, दिवा, पडदा. पिक्चर होता तिथून पुढे सुरू. नि शेवटी विहिरीतून कोण वर आला? किरुंडा! दात पांढरे, केस नीट विंचरलेले. नाबिर्येला मिठी, मागे फटाके.

मग कागोया मावशी उठून उभी राहिली. 'हा तो नव्हे!'
'खोटारडा! मेलाय हा!'
'पिक्चर कापलाय! मामा, पिक्चर कापलाय!'
'पोरीनं फसवलं!'
'पोरीनं नाही, पडद्यानं फसवलं!'

पडद्यावर सोललेलं मक्याचं कणीस बसलं. दोन बाकं मोडली. मामानं मला बाहेर ओढलं. 'लोकांना पिक्चर बघायला बोलावतो आपण, नाइगागा. पिक्चरशी भांडायला नाही.'

रविवार, १६ फेब्रुवारी
वाचलेली पानं : ०

चूक माझीच. मी पिक्चर बघितला नव्हता आणि मला वाटलं, मला ठाऊक आहे. रेडिएटरनंही बघितला नव्हता, पण तो निदान 'ठाऊक नाही' म्हणाला. मी पिक्चर सांगितलाच नाही. पुस्तक सांगितलं. पुस्तक वाचलेला माणूस काय गाढव असतो!

(पण शेवट पुस्तकाचाच खरा. हे फक्त इथे.)

सोमवार, १७ फेब्रुवारी
वाचलेली पानं : ४

बोडावाल्यांच्या थांब्यावर दोन पक्ष पडलेत. 'मेला'वाले आणि 'जगला'वाले. गिऱ्हाईक बसायच्या आधी विचारतात. एका पाद्रीबुवांना विचारलं, त्यांनी पिक्चर बघितला नव्हता, तरी 'जगला' म्हणाले. तेन्वा माझ्याशी बोलत नाही. दुसरा तुकडा आणून खिडकीत ठेवला, तिसरा उचलून नेला. शेवट कळलाय तरी! विचारलं तर म्हणाला, 'तू सांगितलेलं तिथं आहे का बघायचंय.'

दोन पानं दुमडलेली.

बुधवार, १९ फेब्रुवारी
वाचलेली पानं : १८

माइक टॉर्पेडोला. मामानं आज सांगून टाकलं. रागानं नाही, त्यामुळे जास्त लागलं. आईनं म्बालेची बॅग माळ्यावरून काढून पुसली.

रेडिएटर रोलेक्स (चपातीत गुंडाळलेलं आमलेट) खात खिडकीशी आला. अंड्याचा ओघळ मनगटापर्यंत. 'तुला एक सांगू? मी अकरा वर्षं पडद्याशेजारी बसून बोललो. लोक पडद्याकडे बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. म्हणून जमलं. तुझ्याकडे पडदाच नव्हता.' मग बोटं चाटत, 'बाई, तू वेडी आहेस.'

स्तुती होती की काय? गेल्यावर खिडकीवर तेलाचा डाग राहिला. पुसला नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी
वाचलेली पानं : ११

टॉर्पेडोचा पहिला खेळ. तिकिटं खपली नऊ. त्यातला एक झोपायला आलेला.

कागोया मावशी खिडकीत डोकं घालून : 'मग त्या नाबिर्येचं पुढं काय झालं?'
'पुस्तक तिथेच संपतं, मावशी.'
'पुस्तक संपलं असेल. पोरगी कुठं संपली? किरुंडाला आई असेल ना? तिला सांगायला कोण गेलं?'
'ते लिहिलेलं नाही.'
'अगं, मेल्याची बातमी अशी वाऱ्यावर सोडतात होय? कुणीतरी पायी जायला लागतं. दारात उभं राहायला लागतं. पाणी घ्यायचं, बसायचं, मगच तोंड उघडायचं. त्या लिहिणाऱ्याला आईबाप नव्हते का?'

चारदा वाचून एकदाही हे डोक्यात आलं नव्हतं. एकदाही!

तिच्यामागे तिघं उभे होते. तिकिटाला नाही, ऐकायला. त्यातला एक 'जगला'वाला.

मामा गल्ल्यापाशी होता. नऊ तिकिटांच्या नोटा त्यानं दोनदा सरळ केल्या. मग फळ्यापाशी गेला. बुधवारी दुपारी आपल्या भागात वीज नसते, हॉल बंदच असतो. त्यानं बुधवारच्या रकान्यात लिहिलं : 'तीन वाजता. पिक्चर नाही.'

एवढंच. खाली काहीच नाही.

'एकदाच,' माझ्याकडे न बघता म्हणाला. 'शुक्रवारी तो मापंवाला यायचाय. नि किरुंडाला पुन्हा मारू नकोस. बाकं महाग झालीत.'

सोमवार, २४ फेब्रुवारी
वाचलेली पानं : ०

वहीची मागची बाजू उघडली. पहिली ओळ सातदा खोडली. नाबिर्ये चालतेय, चालतेय, दार काही येत नाही.

आई म्हणाली, 'तिच्या हातात काय आहे?'
'तुला काय ठाऊक?'
'दोन दिवस स्वयंपाकघरात बडबडतेयस. रिकाम्या हातानं जाते का कुणी?'

दोर! गुंडाळलेला दोर आहे तिच्या हातात!

बुधवार, २६ फेब्रुवारी
वाचलेली पानं : ०. लिहिलेली : १४.

बाकं भरली. दोन्ही पक्ष आले, समोरासमोर बसले. तेन्वा तिसरा तुकडा मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. काळोख. नाबिर्ये किरुंडाच्या आईच्या दारात पोचली, पाणी घेतलं, बसली, दोर मांडीवर ठेवला, अजून तोंड उघडलं नव्हतं — आणि वीज आली. भलत्याच वेळी. पंखा, दिवा, पडदा निळाशार. मी थांबले. गेलं सगळं, वाटलं.

मामा उठला. सावकाश भिंतीपाशी गेला नि मेन स्विच खाली ओढला.

'मग?' काळोखातून त्याचाच आवाज. 'म्हातारी काय म्हणाली?'