माफीच्या अर्जावरची सही

पप्पा, आज सकाळी सेंटरवर एक बाई आली होती, तिच्यामुळे तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही. ईद जवळ आली आहे. दर वर्षीप्रमाणे ईदच्या आधी इथले राज्यकर्ते शेख काही कैद्यांची शिक्षा माफ करतील आणि दर वर्षीप्रमाणे त्यांच्या घरची माणसं माफीचा अर्ज अरबीत लिहून घ्यायला आपल्या अल मनखूलच्या टायपिंग सेंटरमध्ये येताहेत. व्हिसा, लायसन्स, भाडेकरार हे सगळं आता लोक फोनवर करतात. दया मागायची म्हटली की मात्र अजून समोर माणूस लागतो. त्या बाईचा भाऊ आत आहे. अर्ज वडिलांच्या नावाने, आणि वडील रावळपिंडीला. प्रिंट हातात आल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, अब्बू का साइन मैं ही कर दूँ? किसको पता चलेगा?" मी म्हटलं, "नहीं. पहले अब्बू को फोन पे पूरा पढ़के सुनाओ. फिर वो साइन करके भेजेंगे." "आप तो बहुत स्ट्रिक्ट हो," असं म्हणत ती फोन घेऊन बाहेर गेली. मी तुमच्यासारखाच चष्मा कपाळावर चढवून बसले होते. मग दुपारभर मला माझीच लाज वाटत राहिली, कारण सोळा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. दादासाठी केलं होतं, तुमच्या नावाने केलं होतं, आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

ही शिस्त तुमचीच. सगळे केरळी असलेल्या या धंद्यात वसईचे तुम्ही एकटे, अरबी शिकलात तेही समोरच्या इजिप्शियन दुकानदाराशी भांडत भांडत. ऊद मेथाच्या शाळेतून सुटले की मी तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून कागदांना पिना मारत असे. तुमच्या माफीच्या अर्जाला तीनच ओळी असत. पहिल्या ओळीत गुन्हा, दुसऱ्या ओळीत पश्चात्ताप, तिसऱ्या ओळीत विनंती. "चौथी ओळ वकिलाची, ती आपण लिहीत नाही," असं तुम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचात. अर्ज झाला की तो मोठ्याने हिंदीत वाचून दाखवायचा, आणि ज्याच्या नावाने आहे त्याने ऐकून मान डोलावल्याशिवाय सहीसाठी पुढे सरकवायचा नाही. बारावीच्या सुट्टीत मी एका ड्रायव्हरचा पहिला अर्ज टाइप केला. बिचारा दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला होता. मला त्याची दया आली आणि मी लिहिलं की त्या दिवशी त्याच्या आईच्या आजारपणाची बातमी आली होती. तुम्ही तो कागद त्याच्यादेखत फाडलात. "दया मागायला आलाय की केस लढायला? आणि तुला कुणी सांगितलं त्याची आई आजारी आहे?" माझे कान लाल झाले. तो ड्रायव्हर मात्र हसून म्हणाला, "सर, अम्मा तो एकदम ठीक है." मी सेंटरवर रीतसर कामाला लागले त्या दिवशी तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. सही करणाऱ्याला बॉलपेन देऊ नये, शाईची सही माणूस सावकाश करतो, म्हणालात.

मग दादाचं प्रकरण झालं. रास अल खैमाच्या टाइल्स फॅक्टरीत तो ऑफिसला होता. त्याच्या मित्राला नव्या नोकरीसाठी अनुभवाचा दाखला हवा होता, मॅनेजर सुट्टीवर होता, आणि दादाने मॅनेजरची सही ठोकून वर शिक्का मारला. मित्र म्हणून केलं, एक पैसा घेतला नाही. पण खोटी सही ती खोटी सही. एक वर्ष कैद आणि मग देशात रवानगी, अशी शिक्षा झाली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि जेवायला बसलात. पुढच्या पाच महिन्यांत तुम्ही त्याला एकदाही भेटायला गेला नाहीत.

ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मम्मी बोंबील तळते आहे, तुम्ही दारात उभे आहात, मी ताटं पुसते आहे. मम्मी पाठमोरीच म्हणते, "अख्ख्या जगाचे अर्ज लिहिता. आपल्या पोराचा एक लिहा." तुम्ही म्हणता, "जगाला मी ओळखत नाही. याला ओळखतो. बापाच्या टेबलाशी बसून सही म्हणजे काय ते शिकलाय हा. भोगू दे." मम्मी म्हणते, "ईद महिन्यावर आली आहे. शेखसाहेब सोडतात लोकांना." तुम्ही म्हणता, "सोडायचं तर सोडतील. मी हात पसरणार नाही." बोंबील करपतात. त्या वेळी तुमचा मला इतका राग आला होता की ताट फेकून मारावंसं वाटलं. मी ते पुसून रॅकमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुपारी जेवायला घरी गेलात आणि मी तुमच्या खुर्चीत बसले. तीनच ओळी लिहिल्या, तुमच्याच पद्धतीने. माझ्या मुलाने दुसऱ्याची सही केली. त्याला आणि मला त्याचा पश्चात्ताप आहे. मी त्याचा बाप, त्याच्यासाठी दया मागतो. अर्ज बापाच्या नावाने गेलेला बरा, हे मी तुमच्याकडूनच ऐकलेलं. तुम्ही दिलेल्या पेनाने तुमची सही केली. बरोबर जमली, कारण लहानपणापासून ती दिवसाला वीस वेळा बघत आले होते. खोट्या सहीसाठी आत गेलेल्या माणसाला सोडवायला मी खोटी सही केली, हे मला त्या क्षणीही कळत होतं. कळूनही मी शाई वाळेपर्यंत फुंकर मारत राहिले.

ईदच्या चार दिवस आधी तुरुंगातून फोन आला की नाव यादीत आहे, त्याची बॅग आणि तिकीट घेऊन या. शिक्षा माफ झाली होती, रवानगी नाही. मला वाटलं होतं तुम्ही मलाच पाठवाल. तुम्ही शर्ट बदललात आणि म्हणालात, "यल्ला, गाडी काढ." शारजा मागे पडलं. मग म्हणालात, "मागितलं नव्हतं आपण. न मागता दिलं त्यांनी. एवढ्या मोठ्या माणसाने न मागता सोडलं, मग मी कोण धरून ठेवणारा?" मी स्टिअरिंगवरचे हात हलू दिले नाहीत. तिथे त्याला दहाच मिनिटं भेटता आलं. तो खाली मान घालून उभा होता, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलंत, "जेवलास का?" तो जो रडायला लागला तो थांबेचना. तुम्हीही रडलात, पप्पा. नंतर गाडीत म्हणालात एसीने डोळे चुरचुरतात.

त्यानंतर मी चर्चमध्ये कन्फेशनला गेले. फादरनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, रोझरी वगैरे नको, घरी जा आणि बापाला सांग. मी घरी गेले आणि नाही सांगितलं. सांगितलं असतं तर न मागता मिळालेली माफी उरली नसती, आणि तिच्याच आधाराने तुम्ही दादाला माफ केलं होतंत. पुढे तुम्ही आजारी पडून वसईला दादाकडे गेलात. शेवटचे तीन महिने त्यानेच तुमची दाढी केली, तुम्हाला अंघोळ घातली. मी सुट्टीवर आले तेव्हा तो तुमच्या पायाची नखं कापत होता आणि तुम्ही त्याला ओरडत होता की हळू काप, गाढवा. मी दारातच उभी राहिले. तेव्हाही सांगायला वेळ होता.

ती बाई संध्याकाळी परत आली. वडिलांनी फोनवर पूर्ण ऐकलं, मग कागदावर सही करून फोटो पाठवला होता. सही वाकडीतिकडी होती, पण त्यांची होती. ती गेल्यावर मी जुन्या फाइलमधून आपल्या अर्जाची प्रत काढली आणि बंद दुकानात तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. मान डोलवायला तुम्ही नव्हता.

आता माझा अर्ज. पहिली ओळ लिहून झाली: तुमची सही मी केली. तिसरीही लिहिता येईल, मला माफ करा. अडलं आहे ते दुसऱ्या ओळीपाशी. तासभर पेन हातात धरून बसले आहे, आणि खरं सांगायचं तर पप्पा, मला पश्चात्ताप होत नाही. खोटं लिहिलं तर तुम्ही कागद फाडाल. म्हणून ती ओळ कोरी ठेवली आहे, आणि खाली सही करत नाही.