पदकावरचं कुंकू

मंगळवार, १४ ऑक्टोबर, मॉरिसव्हिल

इराच्या वर्गातल्या पोस्टरवर लिहिलंय, १९४० साली ब्रिटन एकटं लढलं. एकटं? मग माझे आजोबा त्या साली पलटणीबरोबर सुदानला काय पिकनिकला गेले होते?

म्हणून काल इराबरोबर त्यांचं पदक शाळेत पाठवलं. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतं त्यावर. आज टीचरने ते परत पाठवलं. डिस्प्लेला ठेवू म्हणे, पण क्लीन करून द्या. इराही म्हणते, "आई, जस्ट वाइप इट ना!"

नाही पुसणार. तेव्हा महिनोन्महिने आजोबांचं पत्र नव्हतं, गाव नाही नाही ते बोलत होतं, तरी आजीने कपाळाचं कुंकू पुसलं नाही. आणि मी पदकावरचं पुसू?

टीचरला ईमेल केलाय. आधी तुमच्या पोस्टरवरचं 'एकटं' पुसा.