समुद्र उजव्या हाताला

न्यूझीलंड, शनिवार

ती. बाबा,

इथूनच पाया पडते. मी मजेत आहे. वेळेवर जेवून राहिली, स्वेटरही घालून राहिली, आईला सांगा.

आज शाळेच्या सहलीत आम्हा सगळ्यांना समुद्राच्या काठाकाठानं पायी नेलं. वाट कड्यावरून जाते. एकीकडे मेंढ्या, दुसरीकडे खोल खाली लाटा. जाताना समुद्र उजव्या हाताला होता, म्हणून सारखी तुमची आठवण येत होती. रिटायर झालो की नर्मदामाईला उजवीकडे ठेवून परिक्रमा करीन, असं तुम्ही मी लहान होती तेव्हापासून म्हणून राहिले.

पण डबा खाऊन त्याच वाटेनं परत फिरलो आणि पाणी डावीकडे आलं. मला कसंतरीच झालं. मग मी तोंड मागे करून उलटी चालायला लागली, म्हणजे समुद्र उजवीकडेच राहील. सर ओरडले, "पागल हो क्या? गिर जाओगी."

बाबा, काल आणि परवा फोन केला तर आई म्हणाली, तुम्ही झोपले. इथली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. त्या वेळी तर तुम्ही रांझीच्या बाजारात भाजीवाल्याशी भाव करत असता. छातीत परत दुखलं का? काहून नाही सांगत मला? डॉक्टर चालायला हो म्हणाले ना?

सर म्हणतात, हे पत्र आम्ही घरी आल्यावरच पोचेल. पोचू द्या. पोस्टमन आला की दार तुम्हीच उघडा.

तुमची,
मैत्रेयी